सहा फूट तीन इंचांसाठी सॅक शोधताना

तिसऱ्या दिवशी मुक्कामाला पोचलो आणि शर्ट काढला तेव्हा दोन्ही खांद्यांवर दोन-दोन बोटं रुंदीचे लाल-निळे वळ उठलेले होते, गळ्याखालच्या हाडाला नुसता हात लावला तरी ठणका मारत होता, आणि उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट इतकं बधिर झालेलं की बुटाची नाडी सोडायला मित्राला बोलवावं लागलं. पाच दिवसांचा ट्रेक होता, अजून दोन दिवस बाकी. सॅकमध्ये वजन होतं १४ किलो आणि माझं वजन ८६. म्हणजे शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आतच ठेवा असं जे सगळे सांगतात ते मी पाळलं होतं, सॅक पण चांगली होती, ६० लिटरची, कापड मजबूत, चेन मजबूत, कुठे नाव ठेवायला जागा नाही.

सगळ्यांनी सांगितलं, सवय नाही रे तुला, खांदे कमजोर आहेत, व्यायाम वाढव. मी वाढवला पण. पुढचे दोन ट्रेक त्याच सॅकवर केले आणि दोन्ही वेळा तेच. मग एकदा चढावर माझ्या मागून चालणारा एक मित्र सहज बोलून गेला, "अरे तुझ्या सॅकचा बेल्ट पोटावर आहे, कमरेवर नाहीच आहे." मी थांबलो, हात लावून बघितला, आणि खरंच, बेल्ट कमरेच्या हाडाच्या चांगला चार बोटं वर, पोटाच्या मऊ भागावर आवळलेला होता. तिथे तो कितीही आवळा, वजन धरायला खाली हाडच नाही, सगळा भार खांद्यावर. तोपर्यंत मला वाटायचं की मी उंच आहे म्हणून सॅक लहान दिसते, एवढंच. तसं नव्हतं, सॅक माझ्या पाठीला आखूड होती, आणि ह्या एका गोष्टीमुळे तीन ट्रेक मी दुखण्यात घालवले.

गेल्या काही महिन्यांत तीन-चार उंच मंडळींनी मला सॅकबद्दल विचारलं, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसलो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतोय. थोडं लांबेल, पण घाईत सॅक घेऊन नंतर खांदे चोळत बसण्यापेक्षा हे बरं.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे तुमची उंची सॅकच्या काही कामाची नाही. खरंच नाही. रकसॅक हा शब्द जर्मन, त्यातल्या रुक म्हणजे पाठ आणि सॅक म्हणजे पिशवी, नावातच पाठ आहे, आणि मोजायची पण पाठच. मी ६ फूट ३ इंच, म्हणजे १९० सेंमी, आणि माझा तो मित्र पण तेवढाच, पाठीला पाठ लावून उभे राहिलो तर डोक्यावर पुस्तक सरळ राहतं. पण खुर्चीत शेजारी शेजारी बसलो की माझं डोकं त्याच्यापेक्षा चार बोटं वर असतं, कारण त्याची उंची पायांत आहे आणि माझी धडात. आम्ही टेप घेऊन मोजलं तेव्हा त्याची पाठ भरली ४८ सेंमी आणि माझी ५४. म्हणजे त्याला सरळ मीडियम सॅक बसते, आणि तो इतकी वर्षं उंच आहे म्हणून लार्ज घेत होता आणि त्याची सॅक मागे लोंबायची. दोघंही चुकत होतो, फक्त उलट्या दिशेने.

मोजायचं कसं ते नीट सांगतो, कारण इथेच लोक गडबड करतात. एकट्याने जमत नाही, कोणीतरी सोबत घ्या, आणि शिवणकामाची मऊ टेप घ्या, लोखंडी नको कारण ती पाठीच्या वळणावरून जात नाही. हनुवटी छातीला लावून मान खाली घाला, मानेच्या मागे जिथे मान संपून खांदे सुरू होतात तिथे एक मणका बाहेर येतो, बोटाला टणक गोटीसारखा लागतो, डॉक्टर लोक त्याला सी ७ म्हणतात, मानेचा सातवा मणका. तिथून टेपचं एक टोक. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, भांडायला उभं राहतात ना तसे, बोटं पुढे आणि अंगठे मागे, आणि बाजूने खाली-वर चाचपून कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. ती पॅन्टचा पट्टा बसतो तिथे असेलच असं नाही, बहुतेकांचा पट्टा तिच्या खालीच असतो. त्या कडेवर हात टेकले की मागे दोन्ही अंगठ्यांना जोडणारी एक आडवी रेघ मनात धरायची, टेप मणक्यावरून पाठीच्या वळणाला चिकटवत त्या रेघेपर्यंत आणायची. आता मान सरळ करून, ताठ पण नैसर्गिक उभं राहून आकडा वाचायला सांगा. आम्ही पहिल्यांदा मोजलं तेव्हा ५१ आले, मग ५५, मग ५४, परत ५४. पहिल्या वेळी मित्राने रेघ अंगठ्यांच्या वरून धरली होती. त्यामुळे निदान तीनदा मोजा, एका आकड्यावर विश्वास ठेवू नका.

ढोबळमानाने सांगायचं तर साधारण ४६ ते ५० सेंमीला मीडियम किंवा रेग्युलर म्हणतात आणि ५१ च्या पुढे लार्ज किंवा टॉल सुरू होतं, पण प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी, एकाचा लार्ज दुसऱ्याच्या मीडियमच्या जवळपास असतो. म्हणून ज्या कंपनीची घेणार तिचाच तक्ता बघायचा.

आणि लिटर आणि साइज ह्यांची गल्लत करू नका हे मी हात जोडून सांगतो. लिटर म्हणजे आत किती सामान मावतं. साइज म्हणजे तुमची पाठ. मला दुकानात एकदा सांगितलं गेलं की तुम्ही उंच आहात तर ८० लिटर घ्या, ती मोठी असते. ८० लिटरची सॅक जाड असू शकते, रुंद असू शकते, उंच पिशवी असू शकते, पण तिचे खांद्याचे पट्टे आणि बेल्ट ह्यांच्यातलं अंतर ४८ च असेल तर माझ्या काय कामाची? उलट ३४ लिटरची लांब पाठीची सॅक मला त्या ८० पेक्षा सुखाची. एवढं मात्र खरं की एकाच मॉडेलची मोठी साइज घेतली की दोन-तीन लिटर जागा आणि थोडं वजन वाढतं, कारण पिशवी पण लांब होते.

आता येतो मुख्य मुद्द्यावर, आणि हा मला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आजकाल बहुतेक मोठ्या सॅकना मागची पाठ कमी-जास्त करता येते. खांद्याच्या पट्ट्यांचा जो भाग पाठीला चिकटलेला असतो तो वर-खाली सरकतो, कुठे वेल्क्रो असतं, कुठे शिडीसारख्या पट्टीत अडकवायचं असतं. तक्त्यात लिहिलेलं असतं ४३ ते ५५ सेंमी, आणि ५४ चा माणूस म्हणतो, वा, बसली आपल्याला. मी पण म्हणालो. तीन वेळा दुखल्यावर दुसरी सॅक घेतली ती अशीच, एकदम वरच्या टोकाला सरकवून. बेल्ट बरोबर कमरेच्या हाडावर आला, खांद्याचे पट्टे खांद्याला लागले, मी खूष. दोन तासांच्या चालण्यानंतर खांदे परत भरून आले आणि सॅक मागे ओढायला लागली, पोटातून वाकून चालतोय असं झालं.

गंमत अशी की पट्टे वर सरकतात, फ्रेम नाही सरकत. आतली ॲल्युमिनियमची किंवा तारेची फ्रेम आहे तेवढीच राहते. आणि खांद्याच्या पट्ट्याच्या वरच्या भागातून एक छोटी पट्टी सॅकच्या वरच्या कडेला जाते, तिला लोड लिफ्टर म्हणतात, ती फ्रेमच्या वरच्या टोकाला शिवलेली असते. तिचं काम काय, तर सॅकचं डोकं पुढे तुमच्या पाठीकडे ओढून धरणं आणि त्याच वेळी खांद्याचा पट्टा खांद्यावरून किंचित वर उचलणं. हे होण्यासाठी ती पट्टी खांद्यावरून मागे जाताना वर चढली पाहिजे, साधारण ४५ अंशात, ३० ते ६० मध्ये कुठेही चालेल. आखूड फ्रेमवर तुम्ही पट्टे टोकापर्यंत वर नेले की तुमचे खांदे फ्रेमच्या डोक्याला येऊन टेकतात, आणि लोड लिफ्टर आडवी होते, कधी कधी तर मागे जाताना खालीच उतरते. मग ती ओढली की खांदा वर उचलला जायच्या ऐवजी उलट मागे आणि खाली दाबला जातो. जितकी ओढाल तितकं दुखेल. माझं नेमकं तेच होत होतं, आणि मी बिचारी पट्टी दर अर्ध्या तासाने अजून आवळत होतो.

हे बघायला एकच उपाय, बाजूने फोटो काढा. सॅक वजनासकट पाठीवर, सगळे पट्टे आवळलेले, आणि कुणाला तरी अगदी खांद्याच्या उंचीवरून बाजूचा फोटो काढायला सांगा. आरशात मान वळवून बघितलं की खांदा हलतो आणि सगळं चुकीचं दिसतं. फोटोत तीन गोष्टी बघा. खांद्याचा पट्टा खांद्यावरून मागे वळून पाठीला सलग चिकटून खाली जातोय का, मध्ये पोकळी नको. तो सॅकला जिथे जोडलाय ती जागा खांद्याच्या माथ्यापासून थोडी खाली, दोन-चार सेंमी, पाठीच्या फऱ्यांच्या मध्ये कुठेतरी असावी. आणि लोड लिफ्टर वर चढतेय का. माझ्या जुन्या सॅकचा असा फोटो अजून फोनमध्ये आहे, त्यात ती पट्टी अगदी पाण्याच्या पातळीसारखी आडवी दिसते, मागे सॅकचं डोकं पाठीपासून हातभर लांब कललेलं, आणि मी मान पुढे काढून उभा. ज्याला समजावायचं त्याला मी तो फोटो दाखवतो, दहा मिनिटं बोलायची गरज पडत नाही.

म्हणून आता मी सॅक घेताना पाठीच्या आकड्यासोबत फ्रेम मोजतो. बेल्टच्या मध्यापासून फ्रेमच्या वरच्या टोकापर्यंत, जिथे लोड लिफ्टर शिवलीय तिथपर्यंत, टेप लावायची. माझ्या ५४ ला हे अंतर ६० च्या आसपास किंवा वर असेल तर लोड लिफ्टरला वर चढायला जागा मिळते, ५६-५७ असेल तर नाही मिळत, कंपनी काहीही म्हणो. ही माझ्या अंगावरची मोजणी आहे, खांद्यांच्या उतारानुसार एखाद्या सेंमीचा फरक पडेल. आणि जिची पाठ कमी-जास्त करता येते अशा सॅकमध्ये तुमचा आकडा पट्टीच्या मधोमध येईल अशी साइज शोधा, शेवटच्या खाचेत बसवावी लागत असेल तर ती तुमची नाही. दोन साइजच्या सीमेवर असाल तर उंच माणसाने वरची घ्यावी असं माझं स्पष्ट मत, कारण लांब फ्रेमवर पट्टे खाली आणता येतात, आखूड फ्रेम लांब करता येत नाही.

लोक विचारतात एवढं काय, सॅकच आहे. पण खांद्यावरचा दाब हे नुसतं दुखण्यापुरतं नसतं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा खांद्याच्या पट्ट्याखाली दाबला गेला की हात बधिर होणं, कमजोर पडणं होऊ शकतं, त्याला वैद्यकात रकसॅक पाल्सी असंच नाव आहे, आणि जड सॅक घेऊन चालणाऱ्या सैनिकांमध्ये हे जुन्या काळापासून माहीत असलेलं दुखणं आहे. बेल्टने वजन कमरेवर घेतलं की त्याचा धोका कमी होतो. मला अंगठ्याला जे झालं ते दोन दिवसांत गेलं. पण तुम्हाला बोटांना मुंग्या आल्या तर चालत राहू नका, थांबा, सॅक उतरवा, आणि सवय होईल म्हणून सोडून देऊ नका. राहिलंच तर डॉक्टरला दाखवा.

वजन कमरेवर घेणाऱ्या सॅक दुकानात सहज मिळायला लागल्या त्याला तसा फार काळ झालेला नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत डिक केल्टी ह्यांनी ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅक विकायला सुरुवात केली आणि भार खांद्यावरून कमरेवर उतरवला, त्या फ्रेम बाहेरून दिसायच्या. मग १९६७ मध्ये ग्रेग लोव ह्यांनी फ्रेम सॅकच्या आत नेली. आज आपण जी वापरतो ती त्याच घराण्यातली. बाहेरच्या फ्रेमचा उंच माणसाला एक मोठा फायदा होता, ती डोक्याच्या वरपर्यंत जायची त्यामुळे वरून पट्टा ओढायला जागा भरपूर. आतल्या फ्रेममध्ये पिशवीच्या उंचीची मर्यादा आली, आणि कंपन्यांनी सरासरी पाठ धरून फ्रेम कापल्या. आपली अडचण तिथून सुरू होते.

बेल्टबद्दल आता. बेल्टच्या गादीचा मध्य कमरेच्या हाडाच्या कडेवर बसला पाहिजे, म्हणजे गादी अर्धी हाडाच्या वर अर्धी खाली, हाडाला मिठी मारल्यासारखी. बक्कल साधारण बेंबीच्या खाली येतं. उंच माणसं दोन प्रकारची, एक भरलेली आणि एक काडीसारखी, आणि काडीसारख्यांना बेल्ट वेगळाच त्रास देतो. माझा मामेभाऊ ६ फूट ४ इंच आणि वजन ७० किलो. त्याला लार्ज पाठ लागते आणि लार्ज सॅकला बेल्ट पण लार्ज येतो, तो पूर्ण आवळला तरी पुढे दोन्ही बाजूंच्या गाद्या एकमेकांना टेकतात आणि बेल्ट सैलच राहतो, मग चालताना हळूहळू घसरून कुल्ल्यांवर. गाद्यांच्या मध्ये पुढे निदान चार-पाच बोटं जागा राहिली पाहिजे आवळायला, आणि गादी इतकी लांब हवी की कमरेची पुढची टोकदार हाडं झाकली जावीत, नाहीतर तिथे नुसता पट्टा घासतो आणि सालटं निघतात. त्याच्यासाठी आम्ही असं मॉडेल शोधलं ज्याचा बेल्ट वेगळा काढून लहान लावता येतो. काही सॅकमध्ये बेल्टच्या गाद्या पुढे-मागे सरकवून लांबी बदलता येते, ते पण चालतं. घेताना हा प्रश्न विचाराच, पाठ लार्ज आणि बेल्ट मीडियम असं मिळेल का.

छातीवरच्या पट्टीचं मी फार बोलत नाही, ती गळ्याखालच्या हाडापासून दोन-तीन सेंमी खाली असावी आणि श्वास कोंडेल इतकी आवळू नये. फक्त लांब धडाच्या माणसाने ती पुरेशी वर सरकते का ते बघावं.

एक बारीकसा भाग आहे जो कोणी सांगत नाही, तो म्हणजे कमरेच्या खळग्यात बसणारी मागची फुगीर गादी. आखूड सॅकमध्ये ती खळग्याच्या वर, जिथे पाठ बाहेर यायला लागते तिथे बसते, आणि दिवसभर एक मूठ पाठीत रुतल्यासारखं वाटतं. माझी कंबर धरायची ती ह्यामुळे हे मला सॅक बदलल्यावर कळलं. जाळीच्या पाठीच्या सॅक असतात ना, ज्यात पाठ आणि पिशवी ह्यांच्यात हवा खेळते, त्यांची फ्रेम धनुष्यासारखी वाकवलेली असते, लांब पाठीला तो बाक चुकीच्या जागी आला की वरचा दांडा फऱ्यांना टोचतो. जाळी वाईट नाही, उकाड्यात फार सुख, पण वजनासकट घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. ॲल्युमिनियमच्या सुट्या पट्ट्या असलेली फ्रेम असेल तर त्या बाहेर काढून गुडघ्यावर ठेवून हळूहळू स्वतःच्या पाठीच्या वळणाला वाकवता येतात, मी केलंय, अर्धा तास लागला आणि सॅक एकदम अंगची झाली.

दुकानात जाल तेव्हा रिकामी सॅक घालून आरशासमोर उभं राहण्यात काही अर्थ नाही, रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते. आत ८-१० किलो वजन घाला, वाळूच्या पिशव्या असतात काही दुकानांत, नसतील तर घरून पाण्याच्या बाटल्या न्या. आधी सगळे पट्टे पूर्ण सैल करा. सॅक पाठीवर घ्या, किंचित पुढे वाका, खांदे उचकवून सॅक थोडी वर घ्या आणि बेल्ट हाडावर बसवून आवळा. सगळ्यात आधी बेल्टच. मग खांद्याचे पट्टे ओढा पण इतकेच की ते खांद्याला नुसते टेकतील. मग लोड लिफ्टर, मग छातीची पट्टी, आणि शेवटी खांद्याचे पट्टे जरासे परत सैल. आता खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघा, सहज गेली पाहिजेत, आणि बहुतेक सगळं वजन कमरेवर जाणवलं पाहिजे. मग २०-३० मिनिटं त्या दुकानातच चाला, जिना असेल तर चढा-उतरा, खाली बसून उठा, बुटाची नाडी बांधा. विक्रेता कंटाळेल, कंटाळू दे, सॅक तुम्हाला पुढची दहा वर्षं वापरायची आहे.

आणि वर बघा. म्हणजे खरंच मान वर करून आकाशाकडे बघा. लांब फ्रेम घेतली की कधी कधी वरचं टोपण डोक्याला मागून अडतं, आणि चढाच्या वाटेवर वर बघता येत नाही, हेल्मेट असेल तर अजूनच. टोपण ओव्हरलोड केलं तर हे जास्त होतं. माझं टोपण वर-खाली करता येतं, मी ते खाली दाबून ठेवतो आणि त्यात फक्त हलक्या वस्तू.

कुठली घेऊ हा प्रश्न येणारच म्हणून थोडक्यात सांगतो, जाहिरात म्हणून नाही. ऑस्प्रेच्या एथर आणि ॲटमॉस दोन साइजमध्ये येतात, एस-एम आणि एल-एक्सएल, आणि पाठ सरकवता येते, एल-एक्सएलची फ्रेम वेगळी लांब असते हे महत्त्वाचं. ग्रेगरीची बाल्टोरो एस, एम, एल अशा सरळ साइजमध्ये असते. ड्यूटरच्या काही मॉडेलच्या नावापुढे ईएल लिहिलेलं असतं, म्हणजे एक्स्ट्रा लाँग, उंच लोकांसाठीच बनवलेली, आणि विशेष म्हणजे लहान सॅकमध्ये पण. हलक्या वजनाच्या सॅक बनवणाऱ्यांमध्ये हायपरलाइट माउंटन गिअरकडे लार्जच्या वर टॉल अशी साइज असते. पाठ ह्याहूनही लांब असेल तर सीक आउटसाइडसारखे लोक आहेत ज्यांच्या फ्रेमला वरून जोड लावून उंची वाढवता येते. ह्यातली कुठलीही तुम्हाला बसेलच असं मी म्हणत नाही, माझ्या पाठीला जी बसली ती माझ्याच मामेभावाला नाही बसली.

लहान सॅकचा विषय निघालाच आहे तर, २०-३० लिटरच्या एकदिवसाच्या सॅकमध्ये उंच माणसाचे खरे हाल असतात कारण त्या बहुतेक एकाच साइजमध्ये येतात. तिथला बेल्ट आमच्या बरगड्यांवर येतो. माझं म्हणणं असं की लांब पाठीची मिळत नसेल तर बेल्ट कमरेवर घ्यायचा हट्ट सोडा, वजन ५-६ किलोच्या आत ठेवा, बेल्टची पट्टी काढून टाका आणि सॅक पाठीवर थोडी वर, घट्ट ठेवा. अर्ध्यामुर्ध्या जागी आवळलेला बेल्ट फक्त पोट दाबतो.

उंच बायकांची अडचण अजून वेगळी आहे. माझी ताई ५ फूट ११ इंच, तिची पाठ ५१ भरली. बायकांच्या मॉडेलचे पट्टे आणि बेल्ट वेगळ्या आकाराचे असतात, पट्टे जवळ-जवळ आणि जास्त वळणदार, बेल्ट कमरेच्या उताराप्रमाणे तिरका, आणि ते तिला बरोबर बसतं, पण त्यांच्या पाठीच्या साइज लवकर संपतात. पुरुषांची लार्ज घातली तर पाठ बसते आणि पट्टे काखेत घासतात. शेवटी तिने पुरुषांच्या मॉडेलला बायकांचा बेल्ट लावून घेतला आणि अरुंद पट्ट्यांची सॅक निवडली, पण त्यासाठी सहा-सात सॅक घालून बघाव्या लागल्या. उंच बायांनो, एका दुकानात नाही बसली तर तुमच्या शरीरात काही चुकीचं नाहीये, शोधत राहा.

अजून एक, लिटरचा हिशोब करताना आपलं सामान पण मोठं असतं हे विसरू नका. झोपायची मॅट साधारण १८३ सेंमीची असते, आपल्याला १९६ ची लागते, स्लीपिंग बॅग लांब, जॅकेट लांब, बूट मोठे. इतरांना ५० लिटर पुरते तिथे मला ५५ लागते, आणि हे सामान कोंबलं की सॅक गोल होऊन पाठीवरून लोळायला लागते. जड वस्तू पाठीला चिकटून, फऱ्यांच्या मधल्या उंचीवर ठेवा, स्लीपिंग बॅग तळाला. लांब सॅकमध्ये जड सामान अगदी वर गेलं तर उतारावर ती डोक्यावरून ढकलते, पाय आधीच लांब, तोल सावरणं कठीण जातं.

आता माझ्याकडे जी आहे ती ६५ लिटरची, पाठ मधल्या खाचेच्या एक वर, ५४ ला बरोबर, आणि लोड लिफ्टर फोटोत मस्त वर चढलेली दिसते. तिच्यावर पहिला चार दिवसांचा ट्रेक केला तेव्हा पण १५ किलो होतं, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम शर्ट काढून खांदे बघितले. काही नाही. कमरेच्या हाडावर थोडी लाली, ती पण सकाळी गेलेली. दिवसभर चालल्यावर माणसाची उंची सेंटिमीटरभर कमी होते, मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे दुपारनंतर खांद्याचे पट्टे आणि बेल्ट परत एकदा नीट बसवून घ्यावे लागतात, तेवढंच काय ते.

गेल्या महिन्यात मित्राने दोन दिवसांसाठी सॅक मागून नेली आणि त्याच्या ४८ च्या पाठीला लावून परत आणली, मी न बघता तशीच घालून निघालो आणि पहिल्याच चढावर खांदा बोलायला लागला. थांबून खाचा मोजत बसावं लागलं. घरी आल्यावर पाठीच्या पट्टीवर, माझ्या खाचेजवळ, पक्क्या मार्करने एक जाड पांढरी रेघ मारून ठेवलीय.